वस्त्रगाळ

तिच्या प्रबंधाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं. वाक्य इंग्रजीत होतं, कारण प्रबंध इंग्रजीत होता. आणि प्रबंध इंग्रजीत होता, कारण आमच्या विषयात दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिलेलं खरं मानायची पद्धत नाही. वाक्याचा अर्थ एवढाच, की द्रावण कोमट झाल्यावर ते गाळून घेतलं. मी ते वाक्य चार वेळा तपासलं होतं. एकदा त्यातला स्वल्पविराम काढला, पुढच्या वेळी तोच परत घातला. कशातून गाळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मराठीत लिहिलं असतं तर तिने ‘वस्त्रगाळ केलं’ असं लिहिलं असतं. तिच्या कच्च्या वहीत तसंच होतं. तिचे आजोबा गावात झाडपाल्याचं औषध द्यायचे, तिथून तो शब्द घरात आलेला. त्या शब्दात वस्त्र आहे. आणि वस्त्र आलं की कोणीतरी विचारतोच, कुठलं?

आमचं कॉलेज चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला वनखात्याचं कुंपण. रसायनशास्त्राच्या संशोधन प्रयोगशाळेत आम्ही तिघं. मी मार्गदर्शक. हा शब्द मला नेहमी मोहर्लीच्या जंगल-सफारीच्या जिप्सीत पुढे बसणाऱ्या माणसाला जास्त शोभतो असं वाटत आलं आहे. वाघ दिसला नाही तर तो निदान तसं सांगतो. दुसरी ती, माझी विद्यार्थिनी, आरमोरीकडच्या एका खेड्यातली, पस्तिशीला टेकलेली. आणि तिसरे प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे ‘भाऊ’ म्हणत. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं. काचेचं सामान त्यांच्या हातून कधी फुटलं नाही, आणि फुटलं तर कोणाच्या हातून फुटलं हे त्यांना कायम माहीत असे.

ती तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जुलैत नेमणूक, मार्चअखेर निरोप, मधले महिने तेंदूपत्ता तोडायला नाहीतर कोणाच्या तरी शिकवण्यांना, आणि पुन्हा जुलैत नवा अर्ज. आठ वर्षं झाली होती. त्या वर्षी एका तालुक्याच्या कॉलेजात कायमची एक जागा निघाली. मुलाखत मे महिन्यात होती आणि तिला डॉक्टरेट लागणार होती. तिचा प्रबंध फेब्रुवारीत दाखल झाला होता, तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये ठरली होती. सगळं एका रेषेत आलं होतं. आमच्या भागात या विषयाची त्याआधीची जागा निघाली तेव्हा ती बारावीत होती.

तिचा विषय कार्बन होता. चंद्रपूरच्या माणसाला कार्बन शिकवावा लागत नाही. तो ट्रकांतून जातो, छपरांवर बसतो आणि पांढरे कपडे दोरीवर टाकू देत नाही. आमचा कार्बन त्याहून वेगळा, म्हणजे फार लहान. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने बसतील. इतक्या लहान तुकड्यात इलेक्ट्रॉनला फिरायला जागा पुरत नाही. जागा आखडली की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या एकमेकींपासून दूर जातात, आणि मग तो कण डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पिऊन दिसणारा उजेड बाहेर टाकतो. तुकडा जितका लहान, तितका उजेड निळा. चाळीस पानांचं पहिलं प्रकरण यावर होतं. सांगायचं एवढंच होतं.

हे कण ती मोहफुलातून बनवायची. मोहात साखर भरपूर, आणि साखर नीट करपवली की कार्बन. फुलं तिची आई वेचायची. मार्चमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची आणि सकाळी पडलेली फुलं टोपलीत गोळा करायची, हे जुनं काम. पूर्वी बाया अंधारातच निघायच्या. आता उजाडल्यावर घोळक्याने जातात आणि मोठमोठ्याने बोलत जातात. वाघ बोलण्याला कंटाळून निघून जातो, अशी समजूत आहे. मला ती पटते. मी बऱ्याच परिषदांना बसलो आहे.

वाळलेली फुलं पाण्यात घालून घट्ट झाकणाच्या पोलादी भांड्यात भरायची आणि भट्टीत एकशे ऐंशी अंशांवर आठ तास ठेवायची. बाहेर निघायचा काळपट, चिकट काढा, त्यात जळक्या चिंध्यांसारखे गोळे. फिल्टर पेपरवर ओतला की पेपर दोन मिनिटांत चोंदायचा. हे गोळे फिरवून तळाला बसवणारं यंत्र, सेंट्रिफ्यूज, आमच्याकडे होतं. पण दोन वर्षांपासून ते फक्त दुरुस्तीच्या पत्रव्यवहारात फिरत होतं. तेव्हा तिने घरचा उपाय केला. स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून काढा कोमट असतानाच गाळायचा. मग ते पाणी अगदी बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पिशवी शुद्ध पाण्यात सोडायची, म्हणजे फालतू रेणू बाहेर निघून जातात आणि कण आत राहतात. पिशवी तीन दिवस ठेवायला हवी. शुद्ध पाण्याचं यंत्र विजेवर आणि वीज मर्जीवर, म्हणून आम्ही एक दिवस ठेवत होतो. प्रबंधात ‘पुरेसा काळ’ असं लिहिलं होतं. ‘पुरेसा’ हा शब्द मी सुचवला होता.

पहिल्यांदा बाटलीवर अतिनील दिवा धरला तेव्हा निळा उजेड असा उठला की आम्ही तिघंही बाटलीवर वाकलो. मग भाऊ म्हणाले, “पाण्याले काजवे पाजले का व ताई?”

ती म्हणाली, “मोह पाजला, भाऊ.”

“मंग बरोबर आहे. मोह पोटात गेला का आमच्या गावचे बी असेच चमकते.”

बाटली एसटीने नागपूरला गेली. तिथल्या यंत्राने आलेख काढून दिला. त्यात एक गोष्ट विलक्षण होती. असे कण म्हणजे वेगवेगळ्या आकारांचा घोळका असतो. आत पाठवलेला किरण बदलला की दुसरेच कण बोलू लागतात आणि बाहेर येणारा रंगही सरकतो. आमचा सरकत नव्हता. कुठलाही किरण पाठवा, उत्तर त्याच निळ्यात. शंभर माणसांच्या घोळक्यातून प्रत्येक वेळी एकच आवाज यावा, तसं. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, घोळका कमालीचा शिस्तीचा आहे. दुसरा, बोलणारा एकटाच आहे आणि तो त्या घोळक्यातला नाही. आम्ही पहिला अर्थ घेतला. लेखात त्याला ‘असाधारण शुद्धता’ म्हटलं.

माझं काम गणिताचं होतं. कार्बनच्या षटकोनांचा छोटा तुकडा संगणकात मांडायचा, त्याच्या कडेला इकडे ऑक्सिजन, तिकडे नायट्रोजन लावायचा आणि क्वांटम रसायनशास्त्राच्या समीकरणांना विचारायचं, की हा तुकडा कुठल्या रंगाचा उजेड देईल. लोकांना वाटतं संगणक होयबा नसतो. नीट विचारलं तर असतो. पहिला तुकडा हिरव्यात गेला, दुसरा जांभळ्याच्या पलीकडे. मग मी तुकडे बदलत गेलो, कडा बदलत गेलो, सूत्रंही बदलली. पंधरा दिवसांनी एक तुकडा असा सापडला की त्याचा आकडा नागपूरच्या आकड्याला चिकटला. स्थळ आधी ठरवून मी पत्रिका शोधत होतो, आणि छत्तीस गुण जमले तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्या रात्री घरी मी गोड खाल्लं. लेख छापून आला, त्यात तिचं नाव पहिलं आणि माझं दुसरं. प्रबंधाचं पाचवं प्रकरण या गणितावरच उभं होतं.

मार्चमध्ये कॉलेजचा वर्धापनदिन होता. प्राचार्यांच्या मनात आलं की पाहुण्यांना आपलं संशोधन दाखवावं. मंचाच्या मागे फलक लागला, ‘मोहफुलाकडून महासत्तेकडे’. दीपप्रज्वलनाला सहा माणसं आणि मेणबत्ती एक. पंखा बंद करायचं कोणाला सुचेना, त्यामुळे वात तीनदा विझली आणि तीनदा फोटो निघाले. पाहुणे खादीच्या कडक, पांढऱ्याशुभ्र कुडत्यात आले होते. डोक्यावर टोपीही तशीच. त्यांचा परिचय त्यांच्या भाषणापेक्षा लांब होता आणि भाषणात त्यांनी सांगितलं की या कणांनी गावोगावचं पाणी शुद्ध होईल, कर्करोग बरा होईल, आणि आदिवासी बांधवांच्या घरात उजेड येईल. शेवटचं वाक्य एका अर्थाने आमच्या विषयाला धरून होतं.

मग खिडक्यांचे पडदे ओढले. दुपार असली तरी सभागृहात बराच अंधार झाला. ती मंचावर बाटली घेऊन उभी राहिली, दुसऱ्या हातात अतिनील टॉर्च. बटण दाबलं. निळा उजेड उठला आणि टाळ्या पडल्या. ठरल्याप्रमाणे ती पाहुण्यांना बाटली द्यायला वळली. टॉर्च चालूच होता.

पाहुण्यांचा कुडता पेटल्यासारखा निळा झाला. टोपीसुद्धा. बाटलीत जो रंग होता, अगदी तोच.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. पाहुण्यांनी तो आपला गौरव समजून दोन्ही हात वर केले आणि बाह्याही उजळल्या. माझ्या शेजारी उभे असलेले भाऊ माझ्या कानाशी वाकले. “सर, पाव्हण्यायच्या कुडत्यातबी आपलेच कण आहेत काय?”

मी हसलो. हसू अर्ध्यावर राहिलं. मंचावर ती बाटलीकडे बघत होती, मग कुडत्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. तिने टॉर्च बंद केला. पडदे उघडले. आभारप्रदर्शन झालं.

धुण्याच्या पावडरीत एक रसायन असतं, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. ते उन्हातले न दिसणारे किरण पितं आणि निळसर उजेड सोडतं. कापडाचा पिवळेपणा त्या निळ्यात लपतो. कापड त्याने स्वच्छ होत नाही, फक्त स्वच्छ दिसतं. हे वाक्य मुलं लिहून घेतात, कारण ते परीक्षेत येतं.

मधे रविवार होता. मी घरी बसून स्वतःला समजावत राहिलो, की निळे रंग पुष्कळ असतात आणि डोळा म्हणजे काही यंत्र नव्हे. सोमवारी प्रयोगशाळेत गेलो तर ती आधीच आलेली. टेबलावर तीन बाटल्या होत्या आणि एक दुमडलेलं फडकं. भाऊ खिडक्या लावून बाजूला उभे होते.

तिने पहिल्या बाटलीवर दिवा धरला. निळी. “ही आपली, सर.”

दुसरीवर धरला. तीही निळी. तोच निळा.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“काही नाई सर. डिस्टिल्ड पाणी. कोमट केलं आन फडक्यातून गाळलं. बस.”

“मोह?”

“मोह नाईच ना त्यात.”

तिसरी बाटली फिल्टर पेपरमधून गाळलेल्या काढ्याची होती. पेपर बदलत बदलत, थेंब थेंब पाडत, तिचा सगळा रविवार त्यात गेला होता. तिच्यावर दिवा धरला तेव्हा मला आधी काही दिसलं नाही. मग तळाशी काहीतरी दिसलं, शेवाळल्या टाक्यासारखं, मळकट हिरवट.

“हे खरं आपलं आहे,” ती म्हणाली.

“फडकं कशाचं?” हा प्रश्न मी चार वर्षं उशिरा विचारला.

“आईच्या पातळाचं.”

आमच्या विषयात पातळ म्हणजे ज्यात पाणी जास्त ते. आमच्याकडच्या घरांत पातळ म्हणजे लुगडं. तिच्या आईकडे एकच चांगलं पांढरं पातळ होतं, पौर्णिमेला विहारात वंदनेला नेसायचं. लेकीने प्रयोगासाठी स्वच्छ फडकं मागितलं तेव्हा घरात मऊ झालेली जुनी फडकी ढीगभर होती. पण काम विज्ञानाचं. आईने पांढरं पातळ काढलं, भरपूर पावडर घालून दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं आणि आतल्या टोकाचा हातभर तुकडा कापून दिला. दर वेळी गाळून झालं की लेक फडकं घरी न्यायची आणि आई ते पुन्हा तसंच धुऊन द्यायची. चार वर्षं. आमच्या ‘असाधारण शुद्धते’चा उगम इतका साधा होता.

दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याची ती बाटली नागपूरला गेली. आलेख आला. तो प्रबंधातल्या आलेखावर ठेवला तर खालची रेघ दिसेना. माझ्या समीकरणांनी धुण्याच्या पावडरीची पत्रिका कार्बनशी जुळवली होती, आणि छत्तीसच्या छत्तीस गुण.

यापुढचं लिहायला मला जड जातं. मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि तिला म्हटलं, “तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. प्रबंध परीक्षकांकडे गेला आहे. दोघांचेही अहवाल चांगले आले आहेत. परीक्षा होऊ दे, मुलाखत होऊ दे. मग आपण दुरुस्तीचा लेख लिहू. लोक लिहितात.”

ती बराच वेळ फडक्याची घडी उलगडत, पुन्हा घालत बसली. “आन कोणी विचारलं तं, सर?”

“कोणी विचारणार नाही.”

“मले त्याचंच भेव आहे,” ती म्हणाली.

भाऊ खिडकी पुसत होते. ती आधीच पुसलेली होती. मग तिने सांगितलं, मला नाही, टेबलाकडे बघत, की बी.एस्सी.ला मी तिच्या वर्गात एकदा म्हणालो होतो, निकाल आवडला की त्याला दुप्पट प्रश्न विचारा. तिने ते वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं होतं. मला ते म्हटल्याचं आठवत नव्हतं. अशी वाक्यं मी त्या काळात बरीच टाकत असे. कोणी ती उचलून घरी नेत असेल याची कल्पना नव्हती.

प्रबंध मागे घ्यायचं पत्र तिने त्याच दिवशी लिहिलं. मार्गदर्शकाची सही लागते. मी सही दुसऱ्या दिवशी केली. तो एक दिवस मी कशात घालवला हे विचारलं तर सांगेन, पण आजवर कोणी विचारलेलं नाही. प्राचार्य म्हणाले, “अहो, पण वर्तमानपत्रात बातमी छापून आली आहे.” मी म्हटलं, “ती तशीच राहील. बातम्या मागे घेत नाहीत.” यावर त्यांना बरंच हलकं वाटलेलं दिसलं.

मुलाखतीला तिला जाता येणार नव्हतं. हे तिला पत्र लिहिण्याआधीच माहीत होतं.

आठवड्याने ती म्हणाली, “सर, एक काम आहे. आईले तुम्ही सांगा. मी सांगतलं तं ते म्हणन का माह्यामुळं झालं.”

“तिच्यामुळे नाही झालं, माझ्यामुळे झालं.”

“तेच सांगा मंग.”

तिच्या गावाला मी माझ्या गाडीने तिला घेऊन गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाखालची जमीन काळी, जाळून साफ केलेली. घरापुढे सारवलेल्या अंगणात फुलं वाळत होती. आई साठीच्या पुढची, किडकिडीत, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. तिने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला आणि लेकीला विचारलं, “सर कसे आले व बाई? काही झालं का?”

मी सांगायला लागलो. इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली. दोन मिनिटांनी लेक म्हणाली, “सर, इतकं मागून नका सांगू.” मग मी नीट सांगितलं. निळा उजेड मोहाचा नव्हता, पावडरीचा होता; मोहाचा खरा तो हिरवट, फार मंद. पावडर फडक्यात होती. त्यामुळे लिहिलेलं सगळं मागे घ्यावं लागलं. एक वर्ष पुन्हा काम करावं लागेल.

आईने चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे माह्या पातळानं खराब झालं.”

“पातळाने नाही, बाई. फडकं कुठलं हे आम्ही विचारायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. ते माझं काम होतं.”

तिचं माझ्या बोलण्याकडे लक्षच गेलं नाही. “दोनदा धुतलं ना मी. प्रयोगाले जाणार म्हणून. मले वाटे, आपल्या घरचं फडकं पाहून कोणी नाव नाई ठेवलं पायजे.” मग म्हणाली, “मळकं दिलं असतं तं चाललं असतं काय?”

मी लेकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

“चाललं असतं,” मी म्हटलं.

“मळके तं घरी गंज पडले होते,” आई म्हणाली.

कोणी हसलं नाही. तरी ते वाक्य हसण्यासारखं होतं आणि तिघांनाही ते कळलं होतं. मग आईच म्हणाली, “दाखव मले.” लेकीने पिशवीतून टॉर्च काढला. आम्ही आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं. पेटीतून पातळ निघालं, घडी घातलेलं, एका कोपऱ्याला हातभर कमी. टॉर्च लावला तशी खोली निळी झाली. आईने त्यावरून हात फिरवला, उजेड हाताला लागतो का बघितल्यासारखा. मग अंगणातून दोन मोहफुलं आणून तिने पातळाशेजारी ठेवली. ती काळीच राहिली.

“आन तुमचं ते हिरवं?”

“ते दिसायला फार कमी आहे, माय,” लेक म्हणाली. “पण आहे.”

“आन ते जागा?”

“पुढं पाहू.”

आईने पातळाची घडी घातली. कापलेली बाजू आत गेली पाहिजे म्हणून दोनदा घातली.

पुढचे आठ-नऊ महिने काम पुन्हा झालं. काढा फिल्टर पेपरमधून गाळायचा, दिवसाला कपभर. पिशवी तीन दिवस शुद्ध पाण्यात. वीज गेली तर मोजणी पहिल्यापासून. भाऊंनी भिंतीवर पाटी टांगली आणि त्यावर खडूने रेघा मारत गेले. मिळाला तो मळकट हिरवा, जो किरण बदलला की सरकतो, पिवळ्याकडे, कधी निळ्याकडे. जातिवंत घोळका, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. मी गणित पुन्हा मांडलं. एका तुकड्याने भागेना. पुष्कळ तुकडे घेतले, त्यांची सरासरी काढली, एक पसरट उंचवटा आला. प्रयोगातल्या उंचवट्याच्या जवळपास, पण त्यावर नाही. पाचव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मी तसंच लिहिलं, की पूर्ण जुळत नाही आणि का जुळत नाही ते आम्हाला अजून कळलेलं नाही. इतकं सोपं वाक्य लिहायला माझी नोकरीची सव्वीस वर्षं गेली.

जुनी चूक तिने टाकून दिली नाही. तिच्यावर एक वेगळं प्रकरण लिहिलं: पातळ, पावडर, कोमट पाणी, सगळं. आणि सत्तेचाळिसाव्या पानावर, जुन्या पद्धतीच्या त्याच इंग्रजी वाक्यात, एक शब्द देवनागरीत ठेवला, ‘वस्त्रगाळ’. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाईंनी प्रबंध परत केला, म्हणे लिपी एकच हवी. ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्या बाईंनी विचारलं, “हे वस्त्रगाळ इंग्रजीत काय होते?” ती म्हणाली, “तेच तं होत नाई ना, मॅडम.” बाईंनी घेतला.

तोंडी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडचे, मराठी न येणारे, वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. समोर पंचवीसेक माणसं. भाऊ निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात नवा शर्ट घालून आले होते. सगळ्यांत मागच्या बाकावर तिची आई होती, त्या पांढऱ्या पातळात.

परीक्षकांनी बरंच विचारलं. मग सत्तेचाळिसावं पान उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय?

तिने सांगितलं, कापडातून गाळणे.

“कुठलं कापड?” त्यांनी विचारलं.

पाच वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणा परीक्षकाने विचारला होता. तिने उत्तर द्यायच्या आधी मागच्या बाकाकडे पाहिलं. सगळ्यांनी मान वळवली. आईला वाटलं आपल्याला बोलावलं. ती अर्धवट उठून उभी राहिली आणि काय करायचं ते न कळून तशीच थांबली. परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पातळाकडे पाहिलं, मग हाताने, बसा, असं केलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. बराच वेळ ते पान वाचत राहिले.

दुपारी निकाल सांगितला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. प्राचार्यांनी शाल आणली होती, ती कोणाला घालायची यावर थोडा गोंधळ झाला आणि शेवटी ती परीक्षकांना मिळाली.

मी व्हरांड्यात गेलो तर आई भाऊंना विचारत होती. “पास झाली ना गा भाऊ?”

“हाव बाई. डॉक्टर झाली.”

“मंग आता ते जागा?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. लेक आत अजून लोकांशी बोलत होती. सांगायचं माझ्याकडेच आलं होतं.

“ती भरली, बाई,” मी म्हटलं. “मागच्याच वर्षी.”

“अस्सं,” ती म्हणाली. मग पातळाचं कापलेलं टोक कमरेशी बाहेर आलं होतं, ते तिने खाली न बघता आत खोचलं.